तौनो हाकालाचं दुसरं कार्ड

तौनो हाकाला पहिल्यांदा माझ्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या काखेत पुठ्ठ्याचा एक लांबट तुकडा होता. मार्च महिना होता. कॅनडातल्या आमच्या थंडर बेच्या रस्त्यांवर बर्फाचा काळा चिखल झाला होता. त्यानं दारात बूट आपटले, टोपी काढून खिशात कोंबली आणि पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"एवढी जागा आहे," तो म्हणाला. "दोनशे ऐंशी मिलिमीटर. त्यापुढे हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो. पॉवर सप्लाय साडेपाचशे वॉटचा, सहा वर्षं जुना. आता सांग, यात कुठलं ग्राफिक्स कार्ड बसेल?"

मी अठरा वर्षं काँप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतेय. लोक येतात, 'सगळ्यात भारी कार्ड दे' म्हणतात, घरी नेल्यावर ते कॅबिनेटमध्ये मावत नाही आणि मग परत येऊन माझ्यावरच खेकसतात. माप घेऊन, पुठ्ठा कापून आणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"कुठला गेम खेळता?" मी विचारलं.

"खेळत नाही. उडवतो."

मग कळलं. चौतीस वर्षं त्यानं पाण्यावर उतरणारी छोटी विमानं चालवली होती. उन्हाळ्यात खाली तराफे, हिवाळ्यात बर्फावर घसरायच्या पट्ट्या. उत्तरेकडे रस्ता नसलेल्या सहा वस्त्या आहेत, तिथं तो टपाल न्यायचा. टपालाबरोबर पीठ, तान्ह्या पोरांचे लंगोट, बंदुकीची काडतुसं, दातांचा डॉक्टर, एकदा लग्नाचा केक आणि दोनदा शवपेटी. अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयाचा झटका आला. त्यातून तो उठला, पण पुढच्या वैद्यकीय तपासणीत नापास झाला आणि परवाना गेला.

"जिना चढताना दम लागतो का, असं डॉक्टरनं विचारलं," तो म्हणाला. "मी म्हटलं, थोडासा लागतो. चौतीस वर्षांत डॉक्टरशी एकदाच खरं बोललो बघ."

मुलीनं कॅल्गरीला जाताना आपला जुना काँप्युटर आईबापाकडे टाकला होता. त्यात विमानाचा एक गेम होता. त्यात साऱ्या जगाचा नकाशा होता, तौनोचे तलावसुद्धा होते. पण जुन्या कार्डावर जंगल म्हणजे हिरवं पायपुसणं आणि तलाव म्हणजे निळा कागद.

"लाटच दिसत नाही," तो म्हणाला. "पाणी काचेसारखं असलं ना पोरी, तर आपण किती उंचावर आहोत ते कळत नाही. त्यातच माणसं मरतात. मला पाण्यावरची सुरकुती दिसली पाहिजे. बाकी तुझा झगमगाट नसला तरी चालेल."

मी तीन कार्डं काढून समोर ठेवली. लहान, मधलं आणि मोठं. मोठं त्याच्या पुठ्ठ्यापेक्षा चार बोटं लांब होतं. त्यानं ते हातात घेऊन वजन पाहिलं.

"हे घेतलं तर?"

"कॅबिनेट बदलावं लागेल, पॉवर सप्लाय बदलावा लागेल. आणि तुमचा प्रोसेसर जुना आहे, तो याला काम पुरवू शकणार नाही. नुसतं बसून राहील."

"म्हणजे ट्रकचं इंजिन होडीला."

"तसंच."

"आणि हे बारकं?"

"आज चालेल. वर्षभरात रडायला लागेल."

त्यानं मधलं घेतलं. आठ जीबी मेमरीचं. घरून कॅबिनेट आणून माझ्याच टेबलावर स्वतःच्या हातानं बसवलं. घड्याळ काढलं, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, आणि एकेक पायरी मोठ्यानं म्हणत गेला. "वायर काढली. पट्टी काढली. खाच मोकळी. कार्ड सरळ." खटका 'कट्' करून बसला तेव्हा त्यानं मान हलवली. माझ्याकडे येणारी तरणी पोरं घाईघाईत निम्मे स्क्रू टेबलाखाली पाडतात. याचा एकही पडला नाही.

दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "ये, तुला फिरवून आणतो." मी गेले. तळघरात, लाकडी पट्ट्यांच्या भिंतीसमोर त्यानं टेबल मांडलं होतं. खुर्ची कुठल्याशा मोडीत निघालेल्या विमानातली. त्याच्या बायकोनं, सिल्वीनं, वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी खाली आणून दिली. तौनोनं विमान धक्क्यावरून सोडलं आणि आम्ही उत्तरेला निघालो.

खरं सांगते, मी इतकी वर्षं कार्डं विकली, पण माणूस पडद्याकडे असं बघताना पाहिला नव्हता. त्याला गेमचं कौतुक नव्हतंच. तो आपल्या गावात फिरत होता. "हा खडक बघ, सत्याऐंशी साली माझा तराफा इथं घासला. हे बेट. इथं वादळात मी आणि एक नर्स दोन रात्री अडकलो होतो, सिल्वीनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला."

"आठवडा नाही, महिना," जिन्यावरून सिल्वी म्हणाली.

"आणि हे पाणी. बघितलंस? सुरकुती आहे!"

मला वर सोडायला आली तेव्हा सिल्वी दाराशी थांबली. उंच, हाडकुळी बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली. "दोन वर्षं हा माणूस माझ्या टेबलाशी बसून फ्रीजकडे बघत होता," ती म्हणाली. "मी म्हणायची, फ्रीज कुठं पळून जातोय का? हसायचासुद्धा नाही. तू काय बसवलंस त्या डब्यात ते मला कळत नाही. पण तो परत भांडायला लागलाय, एवढं मात्र खरं."

त्या वसंतात त्यानं टपालफेरी सुरू केली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला. जुनाच मार्ग, सहा थांबे. गेम खऱ्या हवामानाशी जोडला होता, त्यामुळे बाहेर धुकं असलं की पडद्यावरही धुकं. अशा दिवशी तौनो उड्डाण करत नसे. वर येऊन खिडकीशी येरझाऱ्या घालायचा. सिल्वी मला सांगायची, "खोटं विमान, पण चिडचिड खरी! वर म्हणतो, सँडविच बांधून दे, दीडपर्यंत परतेन. अरे, तू माझ्या पायाखालीच आहेस की!" पण ती बांधून द्यायची. थर्मासही भरून द्यायची. तो दीडला वर यायचा, वहीत वेळा लिहायचा आणि कुठल्या वस्तीवर वारा कसा होता ते तिला सांगायचा. सहा महिने असे गेले. त्याच्या आयुष्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी हे सहा महिने आधी सांगते.

सप्टेंबरच्या शेवटी तो दुकानात आला. पुठ्ठा नव्हता, वही होती.

"कार्ड बिघडलंय," तो म्हणाला. "चित्र सरळ येत नाही. किनाऱ्यावरची झाडं मिसळतात. झाड झाड दिसत नाही, गोळा दिसतो. आणि धक्क्याची फळी मधेच वाकडी होते."

"कधीपासून?"

"दोन आठवडे. आधी वाटलं पडदा मळलाय."

मी कॅबिनेट ठेवून घेतलं. दुकानातल्या पडद्याला जोडलं. तासभर चालवलं, तपमान पाहिलं, पंखा पाहिला. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मग माझा पडदा बघ." पडदा पाहिला, केबल बदलली, कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं. परत नेऊन दिलं. चार दिवसांनी पुन्हा फोन, "तसंच आहे गं."

आता मी जे सांगणार आहे ते मी सिल्वीला सांगितलंय, तौनोलाही सांगितलंय. दोघंही म्हणाले, तुझा काही दोष नाही. पण झालं ते असं झालं.

त्या महिन्यात त्या गेमची नवी आवृत्ती आली होती. जमीन जास्त बारकाईची, झाडं जास्त, सगळंच जड. कार्डाची मेमरी कमी पडली की असल्या गेममध्ये काय होतं, तर दूरची चित्रं पुसट येतात. झाडं मिसळतात, गोळे दिसतात. त्याचे शब्द आणि माझ्या डोक्यातलं उत्तर, दोन्ही अगदी खटका बसावा तशी जुळली. मी हुशार बाई. मला कारण सापडलं.

"तौनो, आठ जीबी आता पुरत नाही," तो दुकानात आला तेव्हा मी म्हटलं. "सोळाचं घ्यायला हवं."

"नक्की तेच आहे?" त्यानं विचारलं. त्यानं ते ज्या तऱ्हेनं विचारलं ते मला आजही ऐकू येतं. "दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काय असणार?"

त्यानं हातातली टोपी उलटसुलट फिरवली. मग म्हणाला, "नाही, बरोबर. दुसरं काय असणार!" आणि एकदम मोकळा झाला. टेबलावरचा गुलाबी साखरेचा पाव उचलून खाल्ला, माझ्याशी मापांच्या गप्पा मारू लागला. पिंजरा कापावा लागेल का, किती वॉट लागतील, वायर तीन की दोन. मला वाटलं, माणूस कामाला लागला, बरं झालं.

नव्या कार्डांचा तेव्हा तुटवडा होता. सगळीकडेच 'माल नाही'. मी नाव नोंदवलं आणि त्याला म्हटलं, थांबा. दर सोमवारी तो फोन करायचा.

"आलं?"

"अजून नाही."

"बरं, थांबतो."

मी त्याला सात आठवडे थांबवलं. त्यानं आपली मासेमारीची होडी इंजिनासकट शेजाऱ्याला विकून टाकली. सिल्वीला ते आवडलं नाही. ती दुकानात येऊन म्हणाली, "ओडेट, खरंच गरज आहे का गं त्या डब्याची? उन्हाळ्यात खऱ्या पाण्यावर बसायला एक होडी होती, तीही गेली."

"त्याशिवाय चित्र सुधारणार नाही, सिल्वी."

"हल्ली तो नीट बसतही नाही. पडद्याला नाक लावतो. चिडतो. काल मी टेबलावर चमचा ठेवला, याचा हात बाजूलाच पडला. म्हटलं, कुठं लक्ष आहे? तर म्हणे, विमानाचा विचार करतोय."

चमच्याची गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. त्या दिवशी दुकानात पाच गिऱ्हाइकं उभी होती.

टपालफेरी ऑक्टोबरात बंद पडली. कार्ड आल्यावर पुन्हा सुरू करायची, असं त्यानं ठरवलं होतं. वहीत तसं लिहिलंही होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आलं. मी स्वतः त्याच्या घरी घेऊन गेले. बरोबर नवा पॉवर सप्लाय आणि पत्रा कापायची कात्री. पिंजरा कापायला तासभर लागला. या खेपेला तौनोनं कार्ड मलाच बसवायला सांगितलं. "माझे हात गार पडलेत," म्हणाला. पायऱ्या मात्र तोच म्हणत होता, खुर्चीत बसून. मी एकेक करत गेले. पडदा लागला, विमान धक्क्यावर आलं.

मी असं चित्र त्याआधी पाहिलं नव्हतं. देवदारांची पानं सुटी सुटी दिसत होती. पाण्यातले दगड दिसत होते. धक्क्याच्या फळीवरचे खिळे मोजता आले असते.

"बघा!" मी म्हटलं. "झाली की नाही होडी वसूल?"

तो पुढे वाकला. मग मागे झाला. मग त्यानं मान डावीकडे कलती केली आणि पडद्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, कोंबडी दाण्याकडे बघते तशी.

"छान आहे," तो म्हणाला.

"झाडं दिसतात?"

"दिसतात."

मी पडद्यावर बोट ठेवलं. धक्क्याच्या टोकाशी एक लाल पिंप होतं. "इथं काय आहे?"

"कुठं?"

"माझ्या बोटाशी."

तो बघत राहिला. जिन्यावर सिल्वी उभी होती. हातातला ट्रे तिनं पायरीवर ठेवला.

"तौनो," मी म्हटलं, "पडदा सोडा. ही भिंत बघा. या लाकडी पट्ट्या. सरळ आहेत?"

त्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. आपल्या हातांकडे पाहत म्हणाला, "सप्टेंबरपासून वाकड्या आहेत."

"मग तुम्ही..."

"आधी वाटलं, घर खचतंय. ओळंबा लावून पाहिला. घर सरळ आहे."

नव्या कार्डाचे पंखे हलके फिरत होते.

"ओळंबा लावलास!" सिल्वी म्हणाली. "भिंतीला ओळंबा लावलास, आणि मला बोलला नाहीस?"

"तुला बोललो असतो तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"आणि त्यानं विचारलं असतं, काय होतंय. मागच्या वेळी खरं सांगितलं, तर विमान गेलं. आता म्हटलं..." त्यानं पडद्याकडे हात केला. "हेही घेऊन जातील. ओडेट म्हणाली कार्ड आहे. म्हटलं, असेल. मला कार्डच हवं होतं गं, सिल्वी. कार्ड बदलता येतं."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. त्यानं मला सप्टेंबरात विचारलं होतं, दुसरं काही नाही ना? तो कार्डाचं विचारत नव्हता. आणि मी त्याला हवं तेच उत्तर दिलं होतं, कारण मलाही तेच येत होतं.

दुसऱ्याच दिवशी सिल्वीनं त्याला गाडीत घातलं. डोळ्यांच्या तज्ज्ञानं तपासलं. नजरेच्या पडद्यामागच्या बारीक शिरा फुटून पाझरत होत्या, मधोमध, माणूस ज्यानं वाचतो आणि चेहरे ओळखतो त्या जागी. उजव्या डोळ्यात तिथं जखमेचा वण धरला होता. तिथं आता काही होण्यासारखं नव्हतं. डाव्या डोळ्यातही सुरुवात होती. डोळ्यात सुई देऊन औषध घालतात, दर महिन्याला. लवकर आलात तर बहुतेकांची नजर टिकते, असं डॉक्टर म्हणाला. लवकर म्हणजे किती, सिल्वीनं विचारलं. तो म्हणाला, आठवड्यांत मोजतात.

सिल्वीनं हे मला फोनवर सांगितलं. आवाज अगदी शांत. मग म्हणाली, "मी चमचा पाहिला होता. तू झाडं ऐकली होतीस. त्यानं भिंत पाहिली होती. तिघं मिळून आपण एक माणूस असतो, तर कळलं असतं बघ."

डाव्या डोळ्याला सुया सुरू झाल्या. तौनो दर महिन्याला जायचा, एकदाही कुरकुरला नाही. जानेवारीत थोडं बरं वाटलं. धक्क्याची फळी जरा सरळ झाली म्हणाला, आणि वहीत शुक्रवारची फेरी लिहिली, मोठ्या मोठ्या अक्षरात. ती फेरी त्यानं उडवली. पहिल्याच थांब्यावर विमान झाडात गेलं. गेममध्ये काय, पुन्हा सुरू करता येतं. त्यानं केलं नाही. "चौतीस वर्षांत मी एकही विमान पाडलं नाही," तो मला म्हणाला. "आता रोज पाडत बसू?"

मला करता येण्यासारखं एकच सुचलं. फेब्रुवारीत मी शनिवारी दुपारी जाऊ लागले. मी उडवायची, तो शेजारी बसून सांगायचा. पडद्यावर काय दिसतं ते मी बोलायची.

"समोर बेट आहे. लांबट."

"लांबट काय? ईशान्येला शेपटी आहे का?"

"ईशान्य कुठली?"

"अरे देवा! उजवीकडे वर गं, उजवीकडे वर!"

"आहे. बहुतेक."

"बहुतेक? विमानात 'बहुतेक' चालत नाही, पोरी."

पहिल्या दोन शनिवारी आम्ही हसलो. सिल्वीही वरून हसायची. तिसऱ्या शनिवारी मी एका वस्तीपाशी उतरले, वेडीवाकडी, पण उतरले. आणि त्यानं विचारलं, "धक्क्यावर कोण आहे?"

गेममध्ये माणसं नव्हती. धक्का रिकामा होता, कायमच रिकामा असायचा. तो सहा महिने आठवड्यातून तीनदा तिथं उतरला होता, त्याला ते माहीत होतं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"पोरं यायची धावत. टपालाच्या गोणीशी." त्यानं कानावरचे हेडफोन काढले. "मला दिसत होतं तोवर धक्का रिकामा आहे हे कळत नव्हतं बघ. मी भरून घ्यायचो. तू सांगतेस, तेव्हा तो रिकामा होतो. तुझा दोष नाही. पण बस झालं आता."

"पुढच्या शनिवारी..."

"नको. तू दुकान बघ."

एप्रिलमध्ये डाव्या डोळ्यात एकाएकी रक्त उतरलं. सुया चालू असूनही. त्यानंतर त्याला कडेकडेनं दिसतं. दार दिसतं, दारातला माणूस दिसत नाही. मी समोर बसले तर माझे कान आणि खांदे दिसतात म्हणे, मध्ये करडा डाग. "तू सुंदर झाली असशील तरी मला कळायचं नाही," असं त्यानं मला ऐकवलं. तो त्याचा शेवटचा विनोद असावा. निदान माझ्यासमोरचा.

मे महिन्यात सिल्वीनं कॅबिनेट दुकानात आणून ठेवलं. "कार्ड काढून घे, म्हणतोय. ज्याला डोळे आहेत त्याला दे." मी कार्ड काढलं, डब्यात घातलं. जेमतेम वीस तास चाललेलं. असल्या कार्डाला गिऱ्हाईक मिनिटात मिळतं. त्याच आठवड्यात तिघांनी विचारलं. तिघांनाही मी 'नाही' म्हटलं. शेवटी मी ते मधल्या किमतीला दूर विनिपेगच्या एका माणसाला पाठवलं, ज्याचा चेहरा मला कधी दिसणार नव्हता, आणि पैसे सिल्वीच्या हातात दिले. तिनं न मोजता पर्समध्ये टाकले.

दुकानात आता कुणी 'चित्र पुसट येतंय' म्हणालं की मी आधी म्हणते, एक डोळा झाका, त्या खिडकीची चौकट बघा, सरळ आहे? आता दुसरा. लोक हसतात. एकजण चिडून दुसऱ्या दुकानात गेला. तीन वर्षांत असे साठसत्तर जण झाले असतील. एकाचंही डोळ्याचं निघालं नाही. सगळ्यांचं कार्डच होतं, नाहीतर केबल.

गेल्या हिवाळ्यात सिल्वी अंगणातल्या बर्फावर पडली. खुबा मोडला. घर विकावं लागलं. आता दोघं म्हाताऱ्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर असतात. खोलीला मोठी खिडकी आहे, बंदर, तलाव आणि पलीकडचा डोंगर सगळं समोर. तिथली देखरेख करणारी बाई प्रत्येक पाहुण्याला सांगते, सगळ्या इमारतीत इतका चांगला देखावा कुणाला नाही. तौनो खिडकीकडे पाठ करून बसतो. सिल्वी वॉकर ढकलत येते आणि त्याच्या कपात बोट घालून कॉफी कुठवर आलीय ते बघते, कारण तो ओतताना सांडतो आणि मग दिवसभर बोलत नाही.

मी महिन्यातून एकदा जाते. परवाही गेले होते. त्यानं आवाजावरून ओळखलं, खुर्ची दाखवली, चुकीच्या बाजूला. मी काही वेळ बसले. बाहेर एक छोटं विमान घरघरत बंदरावरून वर चढलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पूर्वी असं विमान वरून गेलं की तो वाक्य अर्धं सोडून इंजिन कुठलं ते सांगायचा.

"वारा कुठून आहे आज?" मी मुद्दाम विचारलं.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "सिल्वी, दार लाव गं. गार येतंय."

दार बंदच होतं. सिल्वी उठली, दारापाशी गेली, दार उघडून पुन्हा आवाज येईल असं लावलं, आणि परत येऊन बसली.